भिंतीलगतचा अळू

इस्राएलमधल्या ओफाकिम गावातल्या आमच्या कोकणी ज्यू मंडळींत अजून सांगतात, की रुबेननानांचं घर त्यांच्या अळूने पाडलं. कोकणातला साधा माणूस, त्याला इथली माती काय कळणार, मोरीचं पाणी भिंतीशी सोडलं आणि घराचा कोपरा खचवून बसला... लग्नात, सणाला, सिनेगॉगबाहेरच्या बाकावर ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल. ऐकून हसलोही आहे. ती खरी नाही. अळूची जागा मी दाखवली. भिंतीला लागून खड्डा मी खणला. बाथरूमचं पाणी तिकडे वळवणारा पाइप मी बसवला. माती तपासणं हा माझा धंदा होता आणि त्याचाच मी पगार घेत होतो. आणि घर खचल्यावर दोष नानांवर ढकलला, तोही मीच. नानांना जाऊन आता दीड-दोन महिने होतील. त्यांच्याविषयी लिहायचं तर चांगलंच लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण हे आधी लिहिल्याशिवाय मला पुढचं एक अक्षर लिहिता येणार नाही.

बातमी आली तेव्हा मी बेअरशेवा शहरात, आमच्या माती तपासायच्या लॅबोरेटरीत होतो. फोनवर रूती होती, नानांची मुलगी; वडिलांना ती अबा म्हणते. रूती माझ्याशी मराठी बोलत नाही, फार वर्षं झाली. हिब्रूतच म्हणाली, “अबा सकाळी गेले. दुपारी नेणार आहेत. पोचशील?” इतकंच. मी टेबलावरचं काम तसंच टाकलं आणि बस पकडली. ओफाकिम येईपर्यंत मनात एकच गोष्ट घोळत होती, की आता ज्याला सांगायचं तो माणूसच उरला नाही. कुणाच्या मरणाची बातमी ऐकून आधी स्वतःचा विचार मनात यावा याची लाज वाटली, पण आला तो तोच विचार... दफनाच्या वेळी मी खड्ड्याच्या काठाशी उभा होतो. आमच्याकडची माती कोरडी असली, की फावड्याने कापलेली बाजू भिंतीसारखी सरळ उभी राहते, एक ढेकूळही घरंगळत नाही. सगळे कद्दिशची प्रार्थना म्हणत होते आणि माझी नजर त्या ताठ बाजूंवरून हलत नव्हती. पाणी लागेपर्यंतच हा ताठपणा, मी मनात म्हणत होतो. पाणी लागेपर्यंतच.

नाना म्हणजे माझ्या एस्तेरमावशीचे यजमान. मूळचे रेवदंड्याकडच्या एका खेड्यातले. घरी थोडी नारळ-सुपारीची वाडी होती, पण भावांमध्ये ती पुरणारी नव्हती, म्हणून तरुणपणीच मुंबईला येऊन एका वर्कशॉपात फिटर म्हणून लागले. इस्राएलला आले ते थेट ओफाकिमला. त्यांनी काही निवडलं नव्हतं. विमानातून उतरल्यावर ट्रकने जिथे आणून सोडलं ते ओफाकिम. तिथल्या कापडाच्या गिरणीत त्यांना काम मिळालं. मी त्यांच्या मागून, सहासष्टच्या सुमारास आलो. मुंबईतला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, एक पेटी आणि मावशीचा पत्ता, एवढंच जवळ होतं. नोकरी लागेपर्यंत मी त्यांच्याकडे राहिलो आणि लागल्यावरही बरेच महिने तिथेच राहिलो, कारण मावशीने “जाशील रे, घाई काय” असं म्हणत मला हलूच दिलं नाही. बैठ्या घरांची एक रांग होती आणि नानांचं घर तिच्या टोकाला होतं. दोन खोल्या, मागे उघडी पांढुरकी जमीन, मग कुंपण आणि कुंपणापलीकडे काहीच नाही. नाना उंच, हाडकुळे. बोलताना एक डोळा बारीक करायचे. चहात टोस्ट बुडवून खायची सवय होती, आणि टोस्ट मऊ होऊन तुटून कपात पडला की दर वेळी न चुकता म्हणायचे, “बुडालं जहाज.” रूती तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. मला हिब्रू शिकवण्याचं काम तिने आपण होऊन अंगावर घेतलं होतं आणि मी चुकलो की ती कोकणी हेलात ओरडायची, “अरे बेनीदादा, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय काय?” हे मुद्दाम लिहितो. तेव्हा ती माझ्याशी मराठी बोलत होती.

अळूचा कंद लोद गावाहून आला. तिथे राहणाऱ्या एका नातेवाइकाने तो कुठून तरी मिळवला होता आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठवला होता. त्या दिवशी शुक्रवार होता. नानांनी गोणपाट उलगडलं आणि तान्हं मूल दाखवावं तसा तो चिखलाचा गोळा माझ्यापुढे धरला. “बेनी, बघ काय आलंय!” मावशी आतून पीठ लागलेले हात घेऊन बाहेर आली.  अळूवडी कुणी खाल्ली नव्हती किती वर्षांत... अळूला पाणी लागतं, ते इथे आणायचं कुठून, हा प्रश्न नानांना पडलाच नाही. त्यांच्या गावात अळू मोरीच्या पाण्यावरच वाढायचा. आंघोळीचं पाणी वाहून जातं तिथे अळू, त्याच्या कडेला केळ, ही तिकडच्या प्रत्येक घराची मागची बाजू. नानांनी कंद हातात घेऊन मागे दोन फेऱ्या मारल्या आणि मग मला विचारलं, “भिंतीला लागून चालेल ना रे? का तिकडे कुंपणाशी नेऊ? तू मातीचा डॉक्टर.”

“डॉक्टर कसला,” मावशी म्हणाली. “अजून कंपाउंडरही झाला नाय.”

मी हसलो. एका बांधकामावरून पाइपचा एक तुकडा मी आणला होता, तो भिंतीलगतच्या खड्ड्यापर्यंतच पोचत होता. कुंपणापर्यंत न्यायचा तर दुसरा शोधावा लागला असता. भिंतीच्या त्या बाजूला सावलीही होती. सूर्यास्ताला शब्बाथचा विसावा लागायच्या आत आंघोळी उरकायच्या म्हणून मावशी घाई करत होती. आणि खरं सांगायचं तर माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मी म्हणालो, “चालेल नाना. बैठं घर आहे, त्याला वजन ते किती. काही होत नाही.” कुदळ मीच घेतली.

मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या भागातल्या या मातीला इथे लेस म्हणतात. युगानुयुगं वाळवंटातून वाऱ्याबरोबर आलेली ही बारीक धूळ. कण एकमेकांवर बसलेत, पण घट्ट बसलेले नाहीत; मध्ये पोकळी आहे, आणि थोड्याशा चिकणमातीने, चुन्याने ते एकमेकांना नुसते धरून आहेत. कोरडी असेपर्यंत ही माती वरचं ओझं बिनतक्रार घेते. पाणी मुरलं की ती पकड सुटते, पोकळी मिटते आणि माती वरच्या वजनासकट एकदम खाली बसते. लॅबोरेटरीत माझं काम हेच होतं. मातीचा नमुना पितळी कड्यात बसवायचा, वर घराएवढा दाब द्यायचा, मग पाणी सोडायचं आणि तबकडीवरचा काटा पडताना बघायचा. त्या शुक्रवारच्या आधी हे मी कित्येकदा केलं होतं. पण ते कड्यातल्या मातीचं होतं, साहेबांच्या सहीचं होतं, चार मजली इमारतींचं होतं. संध्याकाळी बसमध्ये बसलो की ते ज्ञान मी अंगातल्या कोटासारखं तिथेच खुंटीला लावून यायचो. नानांच्या घराखाली तीच माती आहे, हे मला कळत होतं आणि तरीही ते घर मला रेवदंड्याचंच वाटत होतं. तिकडे घराखाली जांभा असतो. जांभ्यावरचं घर पावसाळाभर पाण्यात उभं राहतं आणि त्याला काही होत नाही.

अळू मात्र आला. काय आला! दुसऱ्या उन्हाळ्यात पानं सुपाएवढी झाली. त्या करड्या गावात तो एवढाच गर्द हिरवा तुकडा. आमची माणसं संध्याकाळी तो बघायला यायची आणि नाना प्रत्येकाच्या हातात दोन पानं द्यायचे, बरोबर चिंचेचं एक बुटुक. चिंच ते मुंबईहून येणाऱ्यांकडून मागवून ठेवत. “चिंच घातल्याशिवाय करू नका हां, घसा धरेल.” तोवर मी बेअरशेव्याला स्वतःची खोली घेतली होती, पण शुक्रवारी जेवायला तिथेच. मावशीची अळूवडी खाताना पाठीमागे भिंतीआड पाइपातून पाणी ठिबकल्याचा आवाज यायचा. तो आवाज मी ऐकायचो. मला तो आवडायचा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी चीर निघाली. आधी केसाएवढी, मग बोट जाईल एवढी. दार लागेना. मावशीने टेबलावर ठेवलेला बटाटा घरंगळून कोपऱ्याकडे जाऊ लागला आणि रूतीला त्याची मजा वाटली. आख्खं घर सारखं खाली गेलं तर पुष्कळदा राहणाऱ्याला कळतही नाही. एकच कोपरा खचला तर भिंत फाटते, कारण अर्धी भिंत ओल्या मातीबरोबर खाली जाऊ बघते आणि अर्धी कोरड्या मातीवर हटून बसते. नानांनी मला हे विचारलं तेव्हा मी नीट समजावून सांगितलं. खचलेल्या कोपऱ्याचं ओझं नाहीसं होत नाही, ते शेजारच्या भिंती उचलतात, हेही सांगितलं. फक्त पाणी कुठून आलं ते बोललो नाही. नानांनीही विचारलं नाही. त्यांना वाटत होतं, मला माहीत असतं तर मी सांगितलंच असतं.

घरं बांधणाऱ्या कंपनीचा निरीक्षक आला त्या दिवशी मीही गेलो होतो, कारण नानांचं हिब्रू बाजारापुरतं होतं. निरीक्षक घाईत होता. मागे जाऊन त्याने पानं बाजूला केली, बुटाने पाइप हलवून बघितला आणि कपाळावर हात मारला. मग मला हिब्रूत विचारलं, “हे कुणी केलं? इथे पाणी सोडायची अक्कल कुणाची?” आणि मी उत्तर द्यायच्या आत म्हणाला, “थांब, तू बेअरशेव्याच्या लॅबोरेटरीतला ना? तुझा साहेब माझ्या ओळखीचा आहे. तू इथेच राहायचास का रे?”

मी म्हणालो, “नाही. मी मधूनमधून येतो.” मग म्हणालो, “ही कोकणातली माणसं आहेत. खेड्यात मोरीचं पाणी झाडाला सोडतात, तेच इथे केलं. यांना या मातीतलं काही कळत नाही.”

निरीक्षकाने मान हलवली. नाना आम्हा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. “काय म्हणतो रे?”

“काही नाही नाना. कशामुळे झालं ते विचारतोय.”

“मग सांगितलंस ना?”

“सांगितलं.”

नानांनी पुढे होऊन निरीक्षकाचा हात हातात घेतला आणि त्यांना येत होतं तेवढं हिब्रू बोलले, “तोदा, तोदा रबा.” पुष्कळ आभार. मागच्या दारात रूती उभी होती. तिच्या हातात शाळेचं दप्तर होतं. तिला हिब्रू माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

घर दुरुस्त करायचं कंपनीने नाकारलं. रहिवाशाचा निष्काळजीपणा, असं कारण दिलं. नाना-मावशीला गावातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. तिथे लिफ्ट नव्हती. मावशीचे गुडघे तेव्हापासून गेले ते गेलेच. पुढेपुढे नानांनाही दम लागायला लागला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते जिन्यातच टेकायचे, म्हणून शेजाऱ्यांनी तिथे एक लाकडी खुर्ची आणून ठेवली. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन नाना त्या खुर्चीवर बसलेत, येणाऱ्याजाणाऱ्या मुलांना चिडवतायत, हे दृश्य मी कितीतरी वर्षं बघितलं. मला बघून म्हणायचे, “ये बेनी. इथपर्यंत आलो, आता अर्धा डोंगर उरला.” जुना अळू त्यांनी मुळासकट काढून आणला होता. ऑलिव्हचे मोठे टिन कापून त्यात माती भरली आणि बाल्कनीत लावला. पानं पहिल्यासारखी सुपाएवढी झाली नाहीत, पण आली. दर शुक्रवारी सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे ते माझ्यासाठी पानांची जुडी देत. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आत चिंचेचं बुटुक. मी ती स्टँडवरून घ्यायचो, शिजवायचो, खायचो. घास घशाखाली उतरायचा. याचं मला आज नवल वाटतं.

एकदा नाना दवाखान्याच्या कामाला बेअरशेव्याला आले होते आणि पानं घेऊन सरळ लॅबोरेटरीतच आले. माझी चाचणी चालू होती. ते स्टुलावर बसले आणि आजूबाजूला बघू लागले. दाब दिलेला होता, काटा स्थिर होता. मी पाणी सोडलं. काटा थरथरला आणि पडत गेला. नाना पुढे वाकले. बराच वेळ एक डोळा बारीक करून बघत राहिले आणि मग म्हणाले, “चहातला टोस्ट.”  त्यांनी मशीनच्या मुठीवरून हात फिरवला. मूठ झिजून पांढरी पडली होती, मशीनच्या पायांचा रंग उडाला होता. उभी हयात मशिनींत गेलेला माणूस... हलक्या आवाजात, जणू सहजच, त्यांनी विचारलं, “ही मशीन कधी आली रे इकडे?”

ते मला खरं सांगायला वाट करून देत होते, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त सुटका दिसली. मी म्हणालो, “झाली असतील दोन-तीन वर्षं.”

“हां. म्हणजे अळू लावला तेव्हा नव्हती.”

“नव्हती, नाना.”

“बरं,” ते म्हणाले आणि टोपी घालून उठले. पुढच्या शुक्रवारी पानं आली. चिंच नव्हती. मला वाटलं, संपली असेल. त्यानंतर जुडीत चिंच कधीच आली नाही. पानं मात्र एका शुक्रवारीही चुकली नाहीत.

एकदा शनिवारी दुपारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवत होतो. रूतीचं लग्न होऊन तिचा ओफेर सहा-सात वर्षांचा झाला होता. अचानक कपाटातले पेले किणकिणले, वरचा दिवा झुलायला लागला, जमीन पायाखालून कुणी सावकाश ओढावी तशी सरकली. मावशी “एलियाहू हन्नाबी!” असा आमच्या प्रेषिताचा धावा करत टेबलाला धरून राहिली. बाल्कनीतले टिन एकमेकांवर आपटले. क्षणभरच. मग सगळं थांबलं. तेवढ्यात ओफेर आजोबांना मोठ्याने हिब्रूत म्हणाला, “सबा, पुन्हा पाणी घातलंस का?”

भीती उतरली होती, सगळे खो खो हसले. नानाही हसले, एवढं हिब्रू त्यांना आता कळत होतं. नातवाच्या पाठीत धपाटा घालून म्हणाले, “घातलं की रे गाढवा, तुझ्या डोक्यावर घालायचं राहिलं!” मीही हसलो. फक्त रूती हसली नाही, ती ताटं उचलून आत गेली. नानांनी मग मला विचारलं, “बेनी, जमीन हलते तेव्हा घर काय करतं?” मी सांगू लागलो. घर आणि माती ही दोन नसतात, नाना. घर मातीला दाबतं, माती घराला झुलवते. खालून धक्का येतो तो आधी मातीतून यावा लागतो. मऊ माती तो वाढवते आणि लवकर थांबवत नाही. माती कशी हलेल हे थोडं घरावर असतं, आणि घर कसं हलेल हे पुष्कळ मातीवर. नाना ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे भांडण दोघांचं, आणि आवाज एकट्या घराचा.” पुन्हा सगळे हसले. त्या वेळी बोललो असतो तर... सगळी माणसं तिथेच होती. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि ओठांना लावला.

शिव्वाच्या, म्हणजे सात दिवसांच्या सुतकाच्या, शेवटच्या दिवशी मी तो जिना चढत होतो. खुर्ची तिथेच होती. मी कधी तिच्यावर बसलो नव्हतो; त्या दिवशी बसलो. वरून रूती कचऱ्याची पिशवी घेऊन उतरली आणि मला बघून थांबली. मी हिब्रूत म्हणालो, “रूती, मला तुला एक सांगायचंय. त्या निरीक्षकाला मी...”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “मी दारात उभी होते.”

“नानांना?”

“त्याच संध्याकाळी सांगितलं मी.” तिने पिशवी खाली ठेवली. “मला म्हणाले, त्याची नोकरी नवी आहे, घाबरला असेल. तो येऊन सांगेल. आपण तोंड उघडायचं नाही. आईलासुद्धा नाही सांगितलं. तू आलास की ते वाट बघायचे. मग एकदा तुझ्या लॅबोरेटरीतून परत आले आणि बाल्कनीत जाऊन बसले. म्हणाले, आता नाही सांगायचा तो.” ती हे सगळं अगदी शांतपणे बोलली. “त्यांनी तुला टाकलं नाही. मी टाकलं होतं. माझ्या मुलाला आजही वाटतं, त्याच्या सबाने घर पाडलं. शाळेतसुद्धा सांगतो तो ही गोष्ट.”

“मी सांगतो त्याला.”

“त्याला एकट्याला नको,” रूती म्हणाली आणि पिशवी उचलून खाली गेली.

वर बाल्कनीत टिन तसेच होते. मावशीने पाणी घातलं होतं. पानांच्या देठाशी माती ओली, काळी दिसत होती. चौथ्या मजल्यावर, टिनात, कुणाचा पाया न खचवता.

आमच्यात एक जुनी रीत आहे. ज्याचा अपराध केला तो माणूस मरून गेला असेल, तर दहा पुरुषांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि त्यांच्या देखत अपराधाचं नाव घेऊन तो सांगायचा. मनातल्या मनात चालत नाही. तिसाव्या दिवशी कबरीवर माणसं जमणारच होती. मी आमच्या हज्जानना, सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्यांना, आदल्या दिवशी भेटलो. वृद्ध माणूस, तेही कोकणातलेच. त्यांनी काय, कशासाठी, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “मोघम बोलू नका. मोघम क्षमा मोघमच राहते.”

मधल्या दिवसांत पाऊस पडून गेला होता. कबरीवरची माती खाली बसली होती, पण सारखी नाही. पायाकडचा एक कोपरा जास्त खचला होता. माझी नजर आधी तिथेच गेली. माती बसल्याशिवाय दगड बसवायचा नाही, असं कारागिराने सांगितलं होतं, म्हणून नानांच्या डोक्याशी अजून नुसती नावाची पाटी होती. प्रार्थना झाली. हज्जाननी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो आणि हिब्रूत बोललो, कारण जे खोटं मी बोललो होतो ते हिब्रूत बोललो होतो. इस्राएलच्या परमेश्वरापुढे आणि या रुबेनपुढे मी अपराध केला आहे, हे रीतीचे शब्द म्हणालो. मग अळूचा कंद, शुक्रवार, पाइप, कुदळ, निरीक्षक, त्याला दिलेलं उत्तर, सगळं त्याच क्रमाने सांगितलं. घर यांच्यामुळे खचलं नाही, माझ्यामुळे खचलं, असं म्हणालो.  गिरणीतले त्यांचे सोबती होते, जावई होता. मावशीने एका शेजारणीचा हात धरला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

ओफेरने आईचा हात ओढला. कुजबुजला, पण सगळ्यांना ऐकू आलं. “म्हणजे सबाने नाही पाडलं?”

“नाही,” रूती म्हणाली.

मला वाटलं, संपलं. मी मागे सरायला लागलो. तेव्हा रूती माझ्याकडे वळली आणि निरीक्षक आला त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली. शब्द अडखळत येत होते, हेल मात्र तोच होता.

“आता मराठीत सांग. त्यांना हिब्रू कुठे येत होतं?”

मी कबरीजवळ, त्या खचलेल्या कोपऱ्यापाशी, गुडघे टेकून बसलो.  

“नाना, मी बेनी. अळू कुंपणाशी नेऊ का, म्हणून तुम्ही मला विचारलं होतं. मी काही होत नाही म्हणालो. मला ठाऊक होतं, नाना. तुमच्यासमोर उभा राहून तुम्हाला अडाणी म्हणालो आणि तुम्ही त्या माणसाचे आभार मानलेत, तरी गप्प राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा. आणि ती मशीन... ती मी आलो त्याच्या आधीपासून तिथे होती.”